सहली आठ, अधिक-उणे दोन

वहिनींची आणि मायक्रॉनरावांची पहिली भेट झाली तेव्हा बाजारातली रहदारी थांबली, दोन दुकानदारांनी घाबरून शटरं अर्धी खाली ओढली आणि समोरच्या घड्याळजीच्या भिंतीवरची सगळी घड्याळं एकदम बंद पडली. हे वहिनींचं म्हणणं. त्यांची थोरली बहीण, म्हणजे ताई, त्या दिवशी तिथे हजर होती. ती म्हणते, दुपारचे अडीच वाजले होते, रहदारी नव्हतीच, आणि घड्याळं चालू असती तर ती दुरुस्तीला कशाला आली असती? पण ताईला गोष्ट सांगता येत नाही, म्हणून आपण वहिनींचंच ऐकू.

वहिनी तेव्हा एका शिंप्याच्या दुकानात मापं घ्यायला आणि कापड बेतायला होत्या. एक किडकिडीत माणूस पँट शिवायला आला. वहिनींनी त्याच्या कमरेला टेप लावली आणि ‘ऐंशी’ म्हणाल्या. तो म्हणाला, ‘ऐंशी पूर्णांक चार.’ वहिनींनी पुन्हा टेप लावली. ऐंशीच. मग त्या माणसानं शर्टाच्या खिशातून पोलादी पट्टी काढली, काउंटरवर टेप तिच्या शेजारी ताणून धरली, आणि भर दुकानात, मालकादेखत, सिद्ध करून दाखवलं की ही टेप वापरून वापरून मीटरमागे पाच मिलिमीटर लांबली आहे. मालक पांढरा पडला. चार वर्षांतल्या सगळ्या पँटी त्याच्या डोळ्यांपुढून एकेक करून चालत गेल्या.

वहिनी मात्र जागच्या हलल्या नाहीत. “ज्या टेपनं माप घेते त्याच टेपनं कापड बेतते,” त्या म्हणाल्या. “टेप जेवढी खोटी, कापडही तेवढंच खोटं. पँट बसते की नाही? मग तुम्हाला काय करायचंय?”

त्या माणसानं पोलादी पट्टी परत खिशात घातली. मापाच्या बाबतीत त्याला गप्प करणारं माणूस आजवर जन्माला आलेलं नव्हतं. तीन महिन्यांत लग्न झालं. ती पँट अजून आहे, आणि वहिनी शपथेवर सांगतात की ती बसते.

मायक्रॉन हे अर्थात त्यांचं खरं नाव नाही. गिअर बनवणाऱ्या कारखान्यात ते तपासणी खात्यात आहेत आणि मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला तिथे मायक्रॉन म्हणतात. इतर लोकांना जसा नारळातला डाग किंवा शेजाऱ्याचा दोष दिसतो, तसा त्यांना मायक्रॉन दिसतो. कारखान्यात सगळे त्यांना मायक्रॉनराव म्हणतात आणि त्यांच्या बायकोला वहिनी म्हणतात. त्यांचा एक नियम आहे, तो त्यांनी उभ्या नोकरीत मोडलेला नाही: स्वतः मोजलं नाही त्यावर सही करायची नाही. एकदा मोठ्या साहेबांनी घाईचा माल म्हणून न मोजता सही मागितली. मायक्रॉनरावांनी पेन साहेबांच्याच हातात दिलं. माल दुसऱ्या दिवशी गेला.

असा नवरा दिसायला सरळ असला तरी फिरायला निरुपयोगी असतो, हे वहिनींना लग्नानंतर कळलं. ते नाही म्हणत नसत. ‘बघू’ म्हणत. रविवारी कारखान्यात एखादं मशीन उघडलेलं असायचंच, आणि ते गिअरच्या दात्यांत डोकं घालून बसायचे. तेवीस वर्षांत सहली झाल्या दोन. त्यांतली एक लग्नानंतर लगेचची, ती धरायची की नाही यावर दोघांचं एकमत नाही. इकडे ताईच्या पायाला भिंगरी. दर महिन्याला ती फोटो पाठवणार: ताई धरणावर, ताई किल्ल्यावर, ताई कसल्याशा पुतळ्याच्या पायथ्याशी. आणि वर विचारणार, काय गं, तुमचे ‘हे’ अजून दातच मोजतायत का?

अशा घरात जर्मन भाषा शिरली.

झालं असं, की कारखान्यानं गिअरचे दाते मोजणारं नवं मशीन जर्मनीहून मागवलं. ते चालवायला शिकायचं म्हणून एका तपासनिसाला तीन महिने तिकडे, जिथे ते मशीन बनतं त्या कारखान्यात, पाठवायचं ठरलं. मायक्रॉनराव गेली एकोणीस वर्षं त्याच कारखान्याचं जुनं मशीन चालवत होते. रोज सकाळी त्याच्यावरची, तिकडच्या गावाचं नाव कोरलेली पितळी पाटी मऊ फडक्यानं पुसायचे, आणि ते फडकं वहिनी घरून देत. आता त्यांचं वय चौपन्न, निवृत्तीला चार वर्षं राहिलेली. कंपनीनं याआधी कधी कोणाला कुठे पाठवलं नव्हतं आणि यापुढेही पाठवेल असं दिसत नव्हतं. गेले तर आत्ता, नाहीतर त्या गावाचं नाव फक्त पुसतच राहायचं. हे त्यांनी वहिनींना तोंडानं सांगितलं नाही. फक्त त्या आठवड्यात त्यांनी दोन फडकी झिजवली, आणि वहिनी काय ते समजल्या.

स्पर्धेत दुसरे होते दुसऱ्या पाळीचे तपासनीस. त्यांना सगळे रेडिओ म्हणत, कारण ते सकाळी सुरू होत आणि स्टेशन बंद होईपर्यंत थांबत नसत. अट एकच होती: चार महिन्यांनी बोलण्याची जर्मन परीक्षा. बोलण्याचीच, लिहिण्याची नाही. शंभरपैकी साठ मिळवायचे. दोघेही पास झाले तर अनुभव ज्याचा जास्त तो जाणार, म्हणजे मायक्रॉनराव. एकच पास झाला तर तो जाणार.

शिकवणी कपडे धुण्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होती. बाईंनी बरीच वर्षं जहाज कंपनीच्या कचेरीत जर्मन लोकांशी फोनवर हुज्जत घालण्यात काढली होती, त्यामुळे पुस्तकी भाषेचा त्यांना राग होता. लोक जसं बोलतात तसं बोला, त्या म्हणत. पहिल्याच महिन्यात त्यांनी सांगून टाकलं की परीक्षेतला एक विषय ठरलेला असतो: सुट्टीत अधूनमधून कुठे जाता ते सांगा. आणि त्यांनी वाक्य दिलं, ‘वीअर माखन आब उन्ट त्सू आइनन आउसफ्लूग.’ आम्ही अधूनमधून सहलीला जातो.

सगळ्या वर्गानं ते म्हटलं. रेडिओंनी तर त्याला जोडून ते गेल्या रविवारी घोड्यावरून कसे पडता पडता वाचले हेही निम्मं जर्मन, निम्मं हातवारे करून सांगितलं. रेडिओ आयुष्यात घोड्यावर बसलेले नाहीत.

मायक्रॉनराव उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, अधूनमधून म्हणजे वर्षातून किती वेळा?

बाई म्हणाल्या, अहो, अधूनमधून म्हणजे अधूनमधून. मायक्रॉनरावांनी नम्रपणे विचारलं, वरची मर्यादा किती आणि खालची किती? बाई हसल्या. वर्ग हसला. मायक्रॉनराव पेन उघडून उभेच राहिले. बाईंच्या लक्षात आलं की हा माणूस उत्तर घेतल्याशिवाय खाली बसणार नाही आणि खाली इस्त्रीवाल्याची दुकान बंद करायची वेळ झाली आहे. त्या म्हणाल्या, बरं, लिहा, सहा ते दहा. त्यांनी वहीत लिहिलं: आब उन्ट त्सू, आठ अधिक-उणे दोन. एक ते पाच ‘झेल्टन’, म्हणजे क्वचित. दहाच्या वर ‘ऑफ्ट’, म्हणजे वारंवार. वही मिटली, आणि तेव्हा कुठे त्यांचा चेहरा पडला.

घरी येऊन त्यांनी वहिनींपुढे कागद ठेवला. तेवीस वर्षं, सहली दोन, वर्षाला सरासरी शून्य पूर्णांक शून्य आठ सात. हे तर ‘झेल्टन’मध्येसुद्धा बसत नाही, ते म्हणाले. वहिनींनी सुचवलं, परीक्षाच आहे, द्या ठोकून, तो घोडेवाला ठोकतोच आहे ना. मायक्रॉनरावांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं त्या साहेबांकडे पाहिलं असेल. मग ते म्हणाले, “न मोजता सही करता येणार नाही. परीक्षेच्या आधी निदान सहा सहली कराव्या लागतील. तुला वेळ आहे का?”

तेवीस वर्षं ज्या बाईनं ‘बघू’ ऐकलं तिला वेळ आहे का, असं हा गृहस्थ विचारत होता. वहिनी म्हणाल्या, बघते. आणि स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी आधी शिलाईच्या गिऱ्हाइकांना फोन केले की चार महिने रविवारी कोणी यायचं नाही, आणि मग ताईला फोन केला. ताईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की परीक्षा पोहण्याचीही असते का, असली तर समुद्रही पाहून घ्या.

पहिली सहल तलावावर. बसनं दीड तास. वहिनींनी नव्या चपला घातल्या, केळी, उकडलेली अंडी आणि चटई घेतली. मायक्रॉनरावांनी वही, पेन, पोलादी पट्टी आणि खोलीचा थर्मामीटर घेतला. पोचल्यावर चटई अंथरली, दोघं पाण्याकडे तोंड करून बसले आणि चार मिनिटांनी त्यांनी वहिनींना विचारलं, आता काय करायचं असतं? वहिनींनाही नीट ठाऊक नव्हतं. त्यांचीही सवय मोडलेली होती. तेव्हा मायक्रॉनरावांनी आजूबाजूची सात कुटुंबं निरखली आणि नोंद केली की सहलीत निम्मा वेळ खाण्यात, पाव वेळ हरवलेली वस्तू शोधण्यात आणि उरलेला पाव वेळ ‘निघूया का’ असं विचारण्यात जातो. त्याप्रमाणे त्यांनीही केलं. हरवलेली वस्तू म्हणून थर्मामीटर होताच.

दुसरी सहल टेकडीवर. पायथ्याच्या पाटीवर चारशे पायऱ्या असं लिहिलेलं होतं. मायक्रॉनरावांनी चारशे अकरा मोजल्या, खाली आले, पुन्हा मोजत वर गेले, पुन्हा चारशे अकरा. वहिनी वर बसून वाऱ्यानं केस उडवून घेत होत्या. त्यांना विचाराल तर नवरा दोनदा टेकडी चढला या गोष्टीचाच त्यांना केवढा आनंद झाला होता. कारखान्याचा जिना चढताना हाच माणूस गुडघा धरतो.

रोज संध्याकाळी सराव असे. शिवणयंत्रावर वहिनी आणि समोर स्टुलावर मायक्रॉनराव. ते जर्मनमधून टेकडी सांगायचे, वहिनी टाके घालता घालता ऐकायच्या आणि काही सुटलं की मराठीत टोकायच्या, अहो, वरचा वारा राहिला. मग ते वारा घालायचे. बाईंनी त्यांना एक बोलीतला प्रयोग दिला होता, की तिकडचे लोक सहलीला जायचं म्हणजे ‘हिरव्यात’ जायचं म्हणतात: ‘इन्स ग्र्यूने.’ मायक्रॉनराव त्याच्यावर इतके खूश झाले की हिरव्यात काय, ते स्टुलावरसुद्धा हिरव्यात बसल्यासारखे बसू लागले.

तिसरी सहल प्राणिसंग्रहालयाची. तिथे जिराफानं कुंपणावरून मान खाली घालून वहीचं एक पान खाल्लं. टेकडीचं. मायक्रॉनराव आधी गोरेमोरे झाले, मग म्हणाले, ही मान मोजायला कुठलं साधन वापरत असतील? आणि तासभर तिथून हलले नाहीत.

पण खरं घोडं गंगेत न्हालं ते चौथ्या सहलीत. मोठ्या बागेच्या तळ्यात वल्हवायची नाव भाड्यानं मिळायची. मायक्रॉनराव वल्ह्यांवर बसले, कारण दोन्ही वल्ह्यांची लांबी सारखी नाही हे त्यांनी काठावरूनच ओळखलं होतं आणि त्याचा हिशेब करून नाव सरळ नेता येईल अशी त्यांची खात्री होती. नाव गोल फिरली. त्यांनी हिशेब बदलला. नाव उलटी गोल फिरली. काठावर लोक जमले. वहिनींनी पदर तोंडात धरला, पण हसू आवरेना, आणि मग त्यांनी पाहिलं की मायक्रॉनरावही हसताहेत. खांदे हलवून, डोळ्यांतून पाणी काढून हसताहेत. वही काठावरच राहिली होती. त्या सहलीची वेळ, तापमान, काही म्हणजे काही नोंदवलं गेलं नाही. परतीच्या बसमध्ये ते वहिनींना म्हणाले की पुढच्या रविवारी परत येऊ, आणि आज नाव नऊदा फिरली का दहादा हे तुला आठवतं का? वहिनी म्हणाल्या, मोजायला नव्हते आले मी.

त्यानंतर मायक्रॉनरावांच्या अंगात जे वारं शिरलं ते काही केल्या उतरेना. रविवार पुरेना म्हणून ते शनिवारची अर्धी रजा टाकू लागले. तपासणी खात्यात ही बातमी भूकंपासारखी पसरली. मायक्रॉनरावांची रजा मंजूर करायची असते हे हजेरी कारकुनाला माहीतच नव्हतं, त्यानं फॉर्म शोधायला दोन दिवस घेतले. पाचवी, सहावी, सातवी. ताईनं फोटो पाठवणं बंद केलं आणि उलट विचारू लागली की या आठवड्यात कुठे जाताय, आम्हीही येतो. वहिनींनी आयुष्यात पहिल्यांदा ताईला ‘बघू’ म्हटलं. ते म्हणताना त्यांना आभाळ ठेंगणं झालं.

आणि परीक्षेला पंधरा दिवस राहिले असताना घोटाळा लक्षात आला. सहली दहा झाल्या होत्या.

वहिनींनी अकराव्यासाठी धबधबा ठरवला होता. दोन बस बदलून जायचा, वहिनींनी लहानपणापासून फक्त कॅलेंडरवर पाहिलेला. मायक्रॉनरावांनी कागद पुढे केला. वरची मर्यादा दहा. अकरावी झाली की ते ‘ऑफ्ट’ झालं, आणि त्यांचं सगळं भाषण ‘आब उन्ट त्सू’वर बेतलेलं, साडेतीन महिने घासून पक्कं केलेलं. बाईंनी फोनवर सांगून पाहिलं की अहो, बिनधास्त बोला, तिकडे कोणी तुमच्या सहली मोजायला येत नाही. पण जो माणूस स्वतःच मोजायला बसलाय त्याला हे सांगून काय उपयोग? ते परीक्षेपर्यंत घरीच बसायचं म्हणाले. आणि म्हणताना इतके केविलवाणे दिसत होते की वहिनींना धबधब्यापेक्षा त्यांचीच दया आली.

वहिनींनी यंत्र थांबवलं, दातातली सुई काढली आणि विचारलं, “त्या आठव्या सहलीला आपण कुठे पोचलो होतो?”

आठव्या सहलीला ते कुठेच पोचले नव्हते. बस वाटेत बिघडली होती आणि तीन तास आगाराच्या बाकावर बसून दोघं परत आले होते.

“तुमच्याकडे गिअर वाकडा निघाला, तर तो तयार मालात धरता का?”

मायक्रॉनराव म्हणाले, छे, तो रिजेक्ट. त्याची नोंद वेगळ्या वहीत.

“मग उघडा वेगळी वही,” वहिनी म्हणाल्या.

 मायक्रॉनरावांनी नवीन वही घेतली, तिच्यावर ‘नापास सहली’ असं लिहिलं, आठवी तीत उतरवली, सही केली आणि विचारलं, बस किती वाजताची आहे? धबधबा दहावी सहल ठरला. तिथे ते इतके भिजले की घरी आल्यावर दोन दिवस खोकत होते, आणि खोकत खोकत धबधबा जर्मनमधून सांगत होते.

परीक्षेच्या दिवशी वहिनी बाहेरच्या बाकावर बसल्या. वेळ प्रत्येकाला वीस मिनिटं. भाग चार, पंचवीस पंचवीस गुणांचे: ओळख, सहल, फोनवरून डॉक्टरची वेळ घेणं, आणि रस्ता विचारणं. रेडिओ आत गेले आणि सतरा मिनिटांत बाहेर आले, बरं झालं म्हणाले. मग मायक्रॉनराव गेले.

दाराच्या वरची झडप उघडी होती, त्यामुळे वहिनींना आवाज येत होता. ओळख झाली. डॉक्टरची वेळ आधी विचारली, तिथे थोडे अडखळले, पण पार पडले. आणि मग परीक्षकांनी विचारलं, सुट्टीत काय करता?

हे परीक्षक म्हणजे एक उंच, थकलेले गृहस्थ होते. सकाळपासून बावीस जणांनी त्यांना सांगितलं होतं की ते अधूनमधून सिनेमाला जातात. मायक्रॉनरावांनी तलावापासून सुरुवात केली. भाषा रोखठोक, साधी, स्टुलावर बसून घासलेली. वहिनींना जर्मन येत नव्हतं, पण कुठे काय चाललंय ते सगळं कळत होतं: हा थर्मामीटर, ह्या पायऱ्या, हा वारा, हा जिराफ. जिराफापाशी आतून हसण्याचा आवाज आला, आणि तो मायक्रॉनरावांचा नव्हता. परीक्षकांनी काहीतरी विचारलं. यांनी उत्तर दिलं. त्यांनी परत विचारलं. वहिनींना बाकावर बसवेना. त्या उठून दाराशी गेल्या, आणि नाव गोल फिरू लागली तेव्हा त्यांचे ओठ यांच्या शब्दांबरोबर हलत होते. आपला नवरा, जो शेजाऱ्याला पाऊस पडतोय हेसुद्धा किती मिलिमीटर ते कळल्याशिवाय सांगत नाही, तो एका परक्या माणसाला परक्या भाषेत पोट धरून हसायला लावत होता. वहिनींना वाटलं, दार उघडून आत जावं आणि सांगावं, यांना तीन महिने नाही, सहा महिने न्या.

नाव तिसऱ्यांदा उलटी फिरली आणि घंटा वाजली.

मायक्रॉनराव बाहेर आले ते लालबुंद होऊन, धबधब्यातून आल्यासारखे. वहिनींनी विचारलं, झालं का सगळं? ते म्हणाले, “धबधबा सांगायचा राहिला.” मग दोन पावलं चालल्यावर थांबले आणि म्हणाले की रस्ता विचारायचा भागही राहिला बहुतेक.

निकाल आठ दिवसांनी लागला. ओळखीला वीस, फोनला बारा, सहलीला पंचवीसपैकी पंचवीस, रस्ता विचारण्याला शून्य, कारण तो विचारलाच नाही. बेरीज सत्तावन्न. परीक्षकांनी शेरा लिहिला होता की उमेदवाराचं बोलणं अतिशय जिवंत आहे. बाईंनी पत्र लिहून पाहिलं, साहेबही एकदा बोलले, पण साठ म्हणजे साठ, आणि हे सगळ्यांत आधी मायक्रॉनरावांनाच पटलं.

रेडिओंना चौसष्ट मिळाले. ते तीन महिने जाऊन आले. नवीन मशीन आता दोन्ही पाळ्यांत चालतं. परीक्षा फी भरून पुन्हा देता येते, पण कंपनीनं नंतर कोणाला पाठवलं नाही, त्यामुळे मायक्रॉनरावांनी ती दिली नाही.